डोहातली ऊब

हंगामात पहिल्यांदाच त्या दोघी बहिणी घळीत उतरल्या होत्या. वर डोंगरावरचं बर्फ अजून वितळत होतं, त्यामुळे दोन कड्यांच्या फटीत साचलेल्या डोहाचं पाणी हाडं गोठवणारं होतं. थोरली वाटाडी होती. ती आधी पोहून पलीकडे गेली आणि ओरडली, "ये आता! मध्ये रेंगाळू नकोस, नाहीतर हातपाय आखडतील."

धाकटीनं उडी टाकली. थंडीनं तिचा श्वासच अडकला. पण डोहाच्या मध्यावर पाणी एकदम कोमट झालं. तिला इतकं बरं वाटलं, की ती हसलीच.

"ताई, इथलं पाणी गरम आहे गं!"

"बोलू नकोस. पोहत राहा."

ती पोहत राहिली, तशी ती ऊबही बरोबर आली. मायेनं कुणी पाठीवर हात ठेवावेत, तशी. काठावर चढल्यावरही ती ऊब गेली नाही. धाकटीला अगदी सुखाचं वाटत होतं.

"तुला नाही का जाणवलं?" तिनं विचारलं.

ताईनं पाठ फिरवली. तिच्या निथळत्या पोशाखावर दोन तळव्यांएवढ्या जागा कोरड्याठाक होत्या.