चुकू न देणारं पिस्तूल

"शाबास, घुले! एका गोळीत काम तमाम," म्हणत निरीक्षक बारटक्क्यांनी पेढा पुढे केला, तशी हवालदार रेवती घुलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पेढे कसले वाटताय, साहेब? माणूस मेलाय! दारूच्या नशेत कोयता फिरवत होता. घाबरून पळावा म्हणून मी शेजारच्या भिंतीवर नेम धरला होता. आपल्याकडे पहिली गोळी भिंतीलाच मारतात ना?"

"ते जुन्या पिस्तुलांचं. हे नवं पिस्तूल चुकलेला नेम स्वतःच सुधारतं. गोळी सुटताना ना आवाज, ना हाताला धक्का."

"नाहीच बसला! तो पडला तेव्हा कळलं, गोळी सुटली म्हणून."

तिने पिस्तूल साहेबांच्या हातात कोंबलं आणि ती भिंतीला खेटून उभी राहिली.

"आता माझ्या शेजारी, भिंतीवर मारा."

बारटक्के हसले. त्यांनी भिंतीवर नेम धरला. नळी नखभर वळली आणि नेम दाखवणारा लाल ठिपका सरकत घुलेच्या छातीवर आला. त्यांनी हात बाजूला नेला, तरी ठिपका तिथेच. त्यांचं हसू मावळलं.

"दाबा ना, साहेब!" ती ओरडली. "एकदा नेम चुकवून दाखवा!"