तीन श्वास

"आज स्नेहलकू आगे जाने दे, बेटा," मीरासाहेब म्हणाले, आणि टोपीत केस कोंबता कोंबता जास्मिन थांबली.

बापलेक तलावाच्या जाळीबाहेर उभे होते. आत निवड चाचणी सुरू झाली होती. थोड्याच वेळात पन्नास मीटर फ्रीस्टाइलचा पुकारा होणार होता. शहरातून राज्य स्पर्धेला एकच मुलगी जाणार, आणि ती जास्मिनच असणार, हे तलावाच्या रखवालदारालाही ठाऊक होतं. पुढच्या वर्षी तिचा वयोगट संपत होता. आज हुकलं की कायमचं हुकलं.

"हरू? मुद्दाम?" रागावली की जास्मिन मराठीत बोलायची. घरची दखनी तिला अशा वेळी पुरत नसे.

"धीरे बोल." मीरासाहेबांनी मागे वळून पाहिलं. "किसके घर में रहते अपन? रोज किसकी गाडी में आती तू?"

याचं उत्तर सगळ्या रहाटणीला माहीत होतं. विजापूरकडून आल्यापासून मीरासाहेब बबनरावांच्या चाळीत भाड्याने राहत होते. चाकणच्या एका कंपनीत ते पत्रा दाबायच्या मशीनवर होते. शिफ्ट सांभाळून पोरीला तलावावर पोचवायला त्यांना जमणार कसं? बबनराव आपल्या लेकीला, स्नेहलला, रोज सकाळी गाडीतून आणत, तेव्हा जास्मिनलाही मागे बसवत. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. मीरासाहेबांना मात्र ते ओझं झालं होतं.

"बबनकाका बोलले का तुम्हाला असं?"

"बोलना कायकू लगता? आदमी ने खुद समझना."

"आणि लोकांना कळलं तर? मॅडमना कळलं तर?"

"पानी में किसकू क्या दिखता?"

जास्मिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेच्या सहली सोडल्या, सणावाराला नातेवाइकांकडे जाणं सोडलं, केस कायमचे राठ करून घेतले, ते याच्यासाठी? असा बाप वैऱ्यालाही मिळू नये, असं तिला वाटलं. ते ती बोलणारही होती. पण तेवढ्यात मीरासाहेबांनी तिच्यापुढे हात जोडले. बापानं हात जोडल्यावर पोरीनं काय करायचं असतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती तशीच आत गेली.

जास्मिनची तलावावर एक ख्याती होती. पन्नास मीटर ती एका दमात काढायची. उडी मारली की भिंतीला हात लागेपर्यंत तिचं तोंड पाण्याबाहेर दिसायचं नाही. श्वासासाठी मान वळवली की वेग तुटतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. त्या दिवशी तिनं तीनदा मान वळवली. तिसऱ्यांदा तर अगदी निवांत वळवली. स्नेहलचा हात आधी लागला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रशिक्षक विजयश्री मॅडम हातातल्या घड्याळाकडे बघतच राहिल्या. पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं, "काय राव, बबनरावानं भाडेकरी बरोबर कामाला लावला!" आणि दोन-चारजण खदखदून हसले.

स्नेहल पाण्याबाहेर आली. तिनं टोपी ओढून काढली आणि जास्मिनच्या अंगावर फेकली. "तुला हरवायचं म्हणून मी रोज मरत होते गं! हे काय दिलंस तू मला?"

मीरासाहेब मात्र उजळल्या चेहऱ्यानं बबनरावांपुढे जाऊन उभे राहिले.

"मुबारक, शेठ. आपली स्नेहल पयली आली."

"मी मागितलं व्हतं का तुज्याकडं?" बबनरावांचा आवाज तलावभर घुमला. "आरं, पोरगी हरली असती तर रडली असती, घरी येऊन जेवली असती. आता सगळं गाव म्हननार, बबनरावानं भाडेकऱ्याच्या पोरीला दम दिला. मला तोंड दाखवायला जागा न्हाई ठेवलीस. म्हैना भरला की खोली मोकळी कर!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जास्मिन मॅडमकडे धावली. "मॅडम, पुन्हा एकदा पोहू द्या. एकदाच!"

"शर्यत पुन्हा होत नसते," मॅडम तिच्याकडे न बघता म्हणाल्या, आणि पुढच्या मुलींना त्यांनी हाक मारली.

बबनरावांची गाडी निघून गेली. बापलेक बसथांब्यावर येऊन बसले. उन्हाचा चटका बसत होता, तरी कोणी सावलीकडे सरकलं नाही. एक कंपनीची बस गेली, मग दुसरी गेली.

"गाव कायकू छोडा, तेरेकू कभी बोला नै मैं," मीरासाहेब खाली बघत म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. गावच्या उरुसात कुस्त्या व्हायच्या. एका वर्षी त्यांची जोड गावच्या गौडाच्या, म्हणजे पाटलाच्या, पोराशी लागली. गौडाच्याच जागेत त्यांचं घर होतं. वस्तादानं आधीच बजावलं होतं, की दोन डाव खेळायचे आणि पडून घ्यायचं. मीरासाहेब पडले नाहीत. त्यांनी भर मैदानात गौडाच्या पोराची पाठ टेकवली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. पण ती मिरवणूक संपते न संपते तोच गौडाची माणसं घर खाली करायला आली होती.

"इसलिए बोला तेरेकू," ते म्हणाले. "फिरसे घर हाथसे नै जाना था, बस."

जास्मिन उठून उभी राहिली.

"घर तर आजही गेलंच, अब्बा. तेव्हा निदान तुम्ही जिंकला तरी होतात."