दुसऱ्या वळणावरचा थांबा

अजिंक्यताऱ्याच्या चढावर, दुसऱ्या वळणाशी सगळे पेशंट एकदम थांबले. मानसशास्त्रज्ञ डॉ. इंदुमती शेजवळांची रोज गड चढायची सवय यंत्राने या पेशंटांच्या मेंदूत उतरवली होती. डॉक्टरांचं आयुष्यभराचं संशोधन फळाला आलं होतं. फक्त सवयीबरोबर हा थांबाही उतरला होता.

"मॅडम, ही चूक काढून टाकू?" सहायक रेश्माने विचारलं.

"अगं, इथे मी रोज ह्यांच्यासाठी थांबते."

तेवढ्यात डॉक्टरांचे यजमान दिनकरराव धापा टाकत आले. चालायचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा.

"आता तुम्हीही सवय बसवून घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

"कशाला? एवढी माणसं माझ्यासाठी खोळंबतात म्हटल्यावर यावंच लागतं रोज!"

डॉक्टर रेश्माकडे बघून हसल्या. "राहू दे गं ती चूक."