दुकानाचा वास

"ही आई आंधळी आहे की काय?" कादंबरीतल्या बाईवर तेजल चांगलीच तडकली. पोरगा पंक्चरचं सोल्युशन रुमालावर ओतून नशेसाठी हुंगतोय आणि ही बाई खुशाल त्याचे कडक झालेले रुमाल घासून धुतेय!

घासून धुतेय. तेजल त्या दोन शब्दांपाशीच थिजली. पुस्तक तसंच टाकून ती मोरीत धावली. मळक्या कपड्यांत दादाचा रुमाल होता, पापडासारखा कडक. गेले कित्येक रविवार ते चिकट डाग तीच घासत होती, दादाच्या नावाने बोटं मोडत.

तेवढ्यात आप्पा जेवायला आले ते खुशीतच. "कार्टं सुधारलं गं! दहावीत आपटलं, पण आता आपलं पंक्चरचं दुकान सोडून हलत नाही. मला म्हणालं, तुम्ही निवांत जेवा, मी बसतो. किल्ल्याच देऊन आलो!"

तेजलने रुमाल पुढे केला. "आप्पा, याचा वास घ्या."

आप्पांनी रुमाल नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हा तर आपल्या दुकानाचा वास! पोरगं कामाला लागलं बघ."