थोरल्या बाईंचा सापळा

रुग्णालयाच्या औषधविभागात थोरल्या बाईंचा एक शिरस्ता होता. नव्या फार्मासिस्टची पारख करण्यासाठी त्या मुद्दाम चुकीची कुपी वापरत आणि जो फसेल त्याची सर्वांदेखत खरडपट्टी काढत. आज तपासायला सूनच उभी होती. बालविभागासाठी सासूबाईंनी भरलेली सिरिंज बाजूला सारून तिने रिकामी कुपी उजेडात धरली. "आई, फारच सोपा सापळा लावलात हो! हे औषध दहापट तीव्र आहे. बाळाच्या जिवावर बेतलं असतं." "सुनेला सवलत वाटतं?" कोणीतरी चिमटा काढला. सगळे हसले. लेबल वाचताच बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. नुसती मान डोलावली असती, तरी अब्रू वाचली असती. त्यांनी चष्मा पुसला. "आज सापळा लावलाच नव्हता," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. हसणे थांबले. बाईंनी नवी कुपी उचलली. "मी पुन्हा भरते. सूनबाई, इथून हलू नकोस."