हाड

"आंड काढाले हो म्हनून आली तू?" केशवरावांनी अंगणातल्या बैलबंडीच्या उभारीचा दांडा उपसला. "कोनाले इचारून?"

"तुमी त उठून गेले होते," चंद्रकला म्हणाली. "कोनाले इचारू?"

दोघं नवरा-बायको नुकतीच भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी परतली होती. केशवरावांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. गाठ जहाल जातीची, रोगाचा जोर सांगणारा रक्तातला पीएसए भलताच चढलेला, रोग कमरेच्या हाडांत उतरलेला. अंडकोष काढले तर रोगाचं खाद्य तुटेल, काही वर्षं हाती लागतील, असं डॉक्टर म्हणाले. तेवढं ऐकून केशवराव खोलीबाहेर निघून गेले. चंद्रकलेनं ऑपरेशनची तारीख घेतली.

पहिला फटका तिच्या मांडीवर बसला. दुसरा पाठीत. ती पाण्याच्या पितळी हंड्यावर, गुंडावर पडली, गुंड कलंडला, अंगणभर पाणी झालं.

"मले बाईमानूस बनवते का? गावात तोंड कसं दाखवू?"

"नाही काढलं त मरून जासान!"

"मरू दे!"

त्यांनी उभारी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि होती नव्हती ती ताकद लावून खाली आणली. चंद्रकला लोळत बाजूला झाली. उभारी दगडी पायरीवर आदळली. काडकन आवाज आला.

लाकूड मोडलं असं तिला वाटलं. पण उभारी शाबूत होती. केशवरावांचा उजवा हात खांद्याच्या आणि कोपराच्या मधोमध वाकला होता. तिथं हात वाकत नाही. ते चिखलात बसले आणि गुरासारखे हंबरले.

चंद्रकलेची पाठ पेटली होती. तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, तो हात त्यांच्या छातीशी बांधला आणि शेजारच्या ऑटोवाल्याला हाक मारली.

साकोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भंडाऱ्याचे कागद वाचले आणि एक्सरे उजेडासमोर धरला. "हे हाड आतून पोखरलंय. रोग इथंही पोचला. कसं मोडलं? पडले का?"



"मले मारून राहिले होते," चंद्रकला म्हणाली.

बाईंनी एक्सरे खाली ठेवला. तिच्या पाठीवरचे वळ पाहिले. मग केशवरावांकडे वळल्या. "आता कुठलंही हाड असं जाऊ शकतं. मणका गेला तर पाय लुळे पडतील. ते ऑपरेशन टाळू नका."

"काढून टाका म्हना," केशवराव म्हणाले. "काय काढाचं ते काढा."

संध्याकाळी खाटेवर त्यांचा हात प्लास्टरमध्ये जखडलेला होता. ओठ कोरडे पडले होते. चंद्रकलेनं गिलास भरला, आणि त्यांची मान उचलायला दुसरा हात पुढे केला.

केशवरावांनी डोळे गच्च मिटले. फटका चुकवावा तसा डावा हात तोंडासमोर आडवा धरला.

तिचा हात अधांतरी थांबला.

"पानी हाय," ती म्हणाली.