कांद्याऐवजी काकडी

"सूप कुठलं आणू?" आवाज ऐकताच मी मेन्यूकार्डात तोंड लपवलं. समोर मला बघायला आलेला मुलगा होता आणि ऑर्डर घ्यायला माझा सख्खा दादा. हॉटेल मुलानेच निवडलेलं. त्याच्या घरी माझ्या आईने 'थोरला हॉटेल लाइनमध्ये आहे' एवढंच सांगितलं होतं. दादानेही ओळख दाखवली नाही.

पण सूप ठेवताना त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. वाटी कलंडली आणि गरम सूप मुलाच्या शर्टावर सांडलं. आता हा दादाची सगळ्यांसमोर शोभा करणार, म्हणून मी डोळेच मिटले.

"तुम्हाला कुठे भाजलं नाही ना?" तो दादालाच विचारत होता.

जेवण झालं, बिल आलं. त्याने बडीशेपेच्या वाटीखाली चांगली घसघशीत टीप ठेवली.

"शर्ट खराब झाला तरी?" मी विचारलं.

"हात हलला, होतं असं. पण तुम्ही न सांगता त्यांनी तुमच्या ताटात कांद्याऐवजी काकडी ठेवली. गिऱ्हाइकाकडे इतकं लक्ष कोण देतं?"

मी दादाकडे वळून पाहिलं.

"गिऱ्हाइकाकडे नाही हो, बहिणीकडे," मी म्हणाले आणि हॉलभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "दादा, इकडे ये!"